एका मृत्युपत्रातले विद्यापीठ

२४ डिसेंबर १८७३ रोजी अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात जॉन्स हॉपकिन्स हे अविवाहित व्यापारी वारले. जॉन्स हे त्यांच्या पणजीच्या माहेरचे आडनाव. घराण्यात ते मुलाचे नाव म्हणून चालत आले होते. किराणा आणि घाऊक व्यापारातून, सावकारीतून आणि पुढे बाल्टिमोर अँड ओहायो या रेल्वे कंपनीच्या शेअरमधून त्यांनी संपत्ती जोडली होती. मृत्युपत्रात त्यांनी सत्तर लाख डॉलर दान केले, निम्मे विद्यापीठासाठी आणि निम्मे रुग्णालयासाठी. अमेरिकेत तोवर एका माणसाने एवढे मोठे दान केले नव्हते. दानाच्या आकड्याइतकीच मृत्युपत्रातली मोकळी जागा महत्त्वाची आहे. विद्यापीठात काय शिकवावे, कोणत्या पंथाची प्रार्थना व्हावी, कोणत्या विचाराला थारा देऊ नये, यांपैकी कशाबद्दलही त्यांनी हुकूम सोडला नाही. मेरीलँड, व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलायना या राज्यांतल्या लायक विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या द्याव्यात आणि रेल्वेचे शेअर शक्यतो विकू नयेत, एवढेच सांगून बाकी सारे त्यांनी विश्वस्तांवर सोपवले. या मोकळ्या जागेत अमेरिकेचे पहिले संशोधन विद्यापीठ उभे राहिले.

त्याला ‘खासगी’ म्हणतात आणि कायद्याच्या भाषेत ते खरेही आहे. ते सरकारने स्थापलेले नाही, त्याचा कुलगुरू राज्यपाल नेमत नाही, त्याचे विश्वस्त मतपेटीतून येत नाहीत. पण हा एक शब्द दोन वेगळ्या गोष्टींवर पांघरूण घालतो. निर्णय कोण घेणार ही एक गोष्ट आणि संस्था कोणाच्या जिवावर उभी आहे ही दुसरी. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या दीडशे वर्षांकडे पाहताना मला दिसते ते असे, की खासगीपणाने त्याला सुरुवातीचे धाडस दिले आणि त्या धाडसाचे मोल मोठे आहे. त्याची उंची मात्र इतरांच्या पैशाने, इतरांच्या श्रमाने आणि इतरांच्या देहाने वाढली. म्हणून अशा विद्यापीठाचे स्वातंत्र्य जितके जपले पाहिजे, तितकाच त्याचा हिशेब समाजाने मागितला पाहिजे.

आधी धाडसाबद्दल. विश्वस्तांनी हार्वर्ड, मिशिगन आणि कॉर्नेल या विद्यापीठांच्या अध्यक्षांना सल्ला विचारला आणि सगळीकडून डॅनियल कॉइट गिलमन हेच नाव पुढे आले. २२ फेब्रुवारी १८७६ रोजी गिलमन यांनी पहिले अध्यक्ष म्हणून सूत्रे हाती घेतली. त्या काळचे अमेरिकी कॉलेज म्हणजे प्राध्यापकाने पाठ घ्यायचा, मुलांनी म्हणून दाखवायचा आणि रविवारी चॅपेलमध्ये हजर राहायचे. ज्याला खरे संशोधन शिकायचे तो जहाजाने जर्मनी गाठत असे. गिलमन यांनी मोठी इमारत बांधण्याचा मोह टाळला. हॉवर्ड स्ट्रीटवरची दोन घरे घेऊन त्यांत वर्ग आणि प्रयोगशाळा थाटल्या आणि पैसा माणसांवर लावला. सप्टेंबर १८७६ मध्ये पाहुणे म्हणून आलेले थॉमस हेन्री हक्सली यांनीही भाषणात हेच सांगितले: आधी उत्तम शिक्षक मिळवा, इमारती मागाहून बांधा. त्या भाषणाच्या समारंभात प्रार्थना झाली नाही आणि वक्ते डार्विनचे कट्टर समर्थक होते, म्हणून धर्मनिष्ठ मंडळींनी बरेच वादळ उठवले. पहिल्या सहा प्राध्यापकांत एकसष्ट वर्षांचे इंग्रज गणिती जेम्स जोसेफ सिल्व्हेस्टर होते. केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत दुसरा क्रमांक मिळवूनही, ज्यू असल्याने चर्चची कलमे मान्य करता येईनात म्हणून त्यांना तिथे पदवी नाकारली गेली होती. पाच हजार डॉलर पगार, तोही सोन्यात, ही त्यांची अट बाल्टिमोरने मान्य केली. हेन्री रोलँड सत्तावीस वर्षांचे होते, डॉक्टरेट नव्हती, चुंबकत्वावरचा त्यांचा निबंध मायदेशातल्या नियतकालिकाने परत पाठवला होता आणि जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी तो इंग्लंडमध्ये छापवून आणला होता. याच रोलँड यांनी पुढे इंचाला चौदा हजारांहून अधिक रेघा कोरणारे यंत्र तयार केले आणि त्यांच्या जाळ्या जगभरच्या प्रयोगशाळांत प्रकाशाचे पृथक्करण करू लागल्या. वर्षाला पाचशे डॉलरच्या वीस फेलोशिप सुरू झाल्या. शिकणाऱ्याला पैसे देऊन संशोधनाला बसवायचे, ही त्या देशात जवळजवळ न ऐकलेली गोष्ट होती. १८७८ मध्ये पहिल्या चौघांना डॉक्टरेट मिळाली. त्याच वर्षी सिल्व्हेस्टर यांचे गणिताचे नियतकालिक निघाले आणि आज अमेरिकेत सर्वांत जुने म्हणून ओळखले जाणारे विद्यापीठाचे प्रकाशनगृहही सुरू झाले.

या पेरणीचे पीक कुठवर पोचले हे मराठी वाचकाने मुद्दाम पाहावे. संस्कृत इथे पहिल्या वर्षापासून होते. १८७९ मध्ये इथेच डॉक्टरेट घेतलेले मॉरिस ब्लूमफील्ड पुढे इथेच शिकवू लागले आणि वेदांतल्या प्रत्येक मंत्राचा चरण अकारविल्हे शोधता येईल अशी प्रचंड सूची त्यांनी १९०६ मध्ये प्रसिद्ध केली. काश्मिरी अथर्ववेदाच्या भूर्जपत्रावरच्या पोथीची छायाचित्रेही बाल्टिमोरमधूनच १९०१ मध्ये प्रसिद्ध झाली. दुसरी वाट आपल्या आणखी जवळची आहे. जॉन ड्यूई यांनी १८८४ मध्ये हॉपकिन्सची डॉक्टरेट घेतली आणि मिशिगन, शिकागो असे करत ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आले. १९१३ ते १९१६ या काळात तिथे त्यांच्या वर्गात बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन आलेले भीमराव आंबेडकर बसत होते. लोकशाही ही केवळ राज्यपद्धती नसून माणसांनी एकत्र जगण्याची रीत आहे, हा ड्यूई यांचा विचार बाबासाहेबांनी कसा आत्मसात केला आणि जातीच्या प्रश्नाला भिडवून कसा पुढे नेला, हे त्यांचे लेखन वाचणाऱ्याला सांगायला नको. हॉपकिन्सने ड्यूई घडवले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण विशीतल्या तरुणाला तत्त्वज्ञानात स्वतंत्र संशोधन करता येईल अशी जागा तेव्हा अमेरिकेत फारच थोड्या ठिकाणी होती आणि त्यांत ही एक होती.

यावर कोणी म्हणेल, की एवढा पैसा मिळाला असता तर कुठेही हेच घडले असते. तसे घडले नाही, याचा पुरावा हाताशी आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टर गावी १८८९ मध्ये जोनास क्लार्क यांनी विद्यापीठ काढले. अध्यक्ष म्हणून हॉपकिन्समधलेच मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली हॉल यांना नेले आणि आराखडाही हॉपकिन्सच्याच धर्तीवर आखला. पण संस्थापक हयात होते, थैलीची दोरी त्यांच्या हातात होती, त्यांच्या अपेक्षा वेगळ्या होत्या आणि पैशाचा ओघ आटत गेला. १८९२ मध्ये नव्या शिकागो विद्यापीठाने तिथल्या प्राध्यापकांपैकी बरेच जण उचलून नेले आणि क्लार्क विद्यापीठ त्यातून पूर्वीच्या तोलाला परत आले नाही. स्टॅनफर्डची गोष्ट आणखी बोलकी आहे. पतीच्या मृत्यूनंतर सारी सत्ता एकट्या जेन स्टॅनफर्ड यांच्या हाती आली आणि १९०० मध्ये त्यांच्या आग्रहावरून अर्थशास्त्राचे प्राध्यापक एडवर्ड रॉस यांना जावे लागले. रॉस हे हॉपकिन्सचे डॉक्टर. आशियाई मजुरांबद्दलची त्यांची मते वंशद्वेषी होती आणि त्यांचे समर्थन करायचे कारण नाही. पण त्यांना घालवले ते कुणी त्यांचा युक्तिवाद खोडून काढला म्हणून नव्हे, मालकिणीला ते नकोसे झाले म्हणून. त्या निषेधार्थ राजीनामा देणाऱ्यांत आर्थर लव्हजॉय हे तरुण तत्त्वज्ञ होते. ते पुढे हॉपकिन्समध्ये आले आणि तिथून त्यांनी हालचाल केल्यावर १९१५ मध्ये अमेरिकी विद्यापीठीय प्राध्यापकांची संघटना स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष जॉन ड्यूई होते. विद्यापीठीय विचारस्वातंत्र्याची आज अमेरिकेत मानली जाणारी व्याख्या बऱ्याच अंशी याच संघटनेच्या पहिल्या जाहीरनाम्यातून आली. म्हणजे हॉपकिन्सच्या यशाचे कारण केवळ खासगी पैसा हे नव्हते. पैसा देणाऱ्याचा हात त्यावरून उठलेला होता, हे खरे कारण. जो दाता दान देऊनही ते मुठीत धरून ठेवतो, त्याचे विद्यापीठ त्याच्या मुठीएवढेच राहते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. गिलमन यांनी जो नमुना उचलला तो जर्मन होता, आणि १८१० चे बर्लिन विद्यापीठ सरकारी होते. मग संशोधनाला खासगीपणाची गरज काय? गरज नाही, हे मान्यच करायला हवे. प्रश्न त्या देशाचा आणि त्या काळाचा होता. बाल्टिमोरला येण्यापूर्वी गिलमन कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठाचे अध्यक्ष होते. शेतकऱ्यांच्या संघटनांनी आणि वृत्तपत्रांनी त्यांना धारेवर धरले होते, कारण सरकारी जमिनीच्या पैशातून चालणाऱ्या संस्थेने शेती आणि हुन्नर सोडून ग्रीक आणि शुद्ध विज्ञान का शिकवावे, असा सवाल होता. तो सवाल करणाऱ्यांची बाजू पूर्ण चुकीची नव्हती. करदात्याला आपल्या पैशाचा उपयोग विचारण्याचा हक्क असतो. पण ज्याचे फळ वीस वर्षांनी दिसणार, त्याला दरवर्षी विधिमंडळात मते मिळवणे अवघड असते. त्या काळी ती वाट पाहण्याची सवड मृत्युपत्रानेच दिली. एकदा नमुना उभा राहिल्यावर मिशिगन, विस्कॉन्सिन आणि खुद्द कॅलिफोर्निया या सरकारी विद्यापीठांनी तो उचलला आणि काही बाबतींत त्यावर मातही केली.

आता उंचीकडे. १८८० च्या दशकाच्या अखेरीस रेल्वे कंपनीने लाभांश देणे बंद केले. शेअर विकू नका हा संस्थापकांचा सल्ला विश्वस्तांनी पाळला होता आणि विद्यापीठाचे उत्पन्नच आटले. शहरातल्या नागरिकांनी वर्गणी काढून दिवस निभावून नेले. रुग्णालय १८८९ मध्ये उघडले, पण त्याला जोडायच्या वैद्यकीय महाविद्यालयासाठी पैसा उरला नव्हता. तेव्हा विश्वस्तांच्या घरातल्याच काही मुली पुढे आल्या. त्यांत मार्था केरी थॉमस होत्या. त्यांना याच विद्यापीठाने १८७७ मध्ये प्रवेश दिला, पण चर्चासत्रात बसू दिले नाही, आणि त्यांनी शेवटी झुरिकमधून डॉक्टरेट मिळवली होती. त्यांच्या सोबत मेरी गॅरेट होत्या, त्याच रेल्वे कंपनीच्या दिवंगत अध्यक्षांच्या कन्या. या बायकांनी देशभर समित्या करून एक लाख डॉलर जमवले आणि १८९२ च्या अखेरीस गॅरेट यांनी स्वतः तीन लाखांहून अधिक दिले. अटी दोन होत्या. स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने प्रवेश मिळावा, आणि विद्यार्थी आधी पदवीधर असावा, त्याला विज्ञान तसेच फ्रेंच आणि जर्मन येत असावे. त्या काळी अमेरिकेतली बहुतेक वैद्यकीय विद्यालये फी भरणाऱ्या कोणालाही घेत, तेव्हा या अटी प्राध्यापकांनाही जड वाटल्या. पण पैशाचा दुसरा मार्ग नव्हता. १८९३ मध्ये पहिल्या वर्गात अठरा विद्यार्थी बसले, त्यांत तीन स्त्रिया होत्या. १९१० मध्ये याच विद्यापीठाचे पदवीधर अब्राहम फ्लेक्सनर यांनी अमेरिका आणि कॅनडातल्या १५५ वैद्यकीय शाळांची पाहणी करून अहवाल दिला तेव्हा हॉपकिन्स हाच मापदंड धरला. त्या अहवालाने अनेक भोंगळ शाळा बंद पाडल्या. काळ्यांच्या सात वैद्यकीय शाळांपैकीही पाच बंद पडल्या आणि ती हानी पिढ्यान्‌पिढ्या भरून आली नाही. ज्या मापदंडाचा हॉपकिन्सला अभिमान आहे तो बायकांनी पैसे मोजून त्याच्याकडून मान्य करून घेतला होता. कॉलेजचे पदवी वर्ग मुलींना खुले व्हायला मात्र १९७० साल उजाडले. गणित आणि तर्कशास्त्रातले सारे काम १८८२ मध्येच पूर्ण केलेल्या क्रिस्टिन लॅड-फ्रँकलिन यांना डॉक्टरेट मिळाली ती १९२६ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी.

संस्थापकांनी रुग्णालयाच्या विश्वस्तांना लिहून ठेवले होते, की गरीब रुग्णाला लिंग, वय किंवा वर्ण न पाहता उपचार मिळावेत. त्यामुळे बाल्टिमोरच्या काळ्या वस्तीला इथे दार उघडे होते, वॉर्ड मात्र वेगळे होते. २०२० मध्ये विद्यापीठाने स्वतःच जाहीर केले, की १८४० च्या जनगणनेत हॉपकिन्स यांच्या घरात एक आणि १८५० च्या जनगणनेत चार गुलाम माणसांची नोंद आहे. त्या नोंदींचा अर्थ कसा लावायचा यावर काही अभ्यासकांचे दुमत आहे, तरी ते गुलामगिरीचे आजन्म विरोधक होते ही वर्षानुवर्षे सांगितली गेलेली गोष्ट आता तशीच सांगता येत नाही. १९४४ मध्ये जन्मजात हृदयदोषामुळे निळ्या पडणाऱ्या बाळांवरची पहिली शस्त्रक्रिया इथे झाली. नाव ब्लॅलॉक आणि टॉसिग या डॉक्टरांचे झाले. प्रयोगशाळेत कुत्र्यांवर ती शस्त्रक्रिया हाताने बसवली होती व्हिव्हियन थॉमस या काळ्या तंत्रज्ञाने, आणि त्या दिवशी ब्लॅलॉक यांच्या मागे उभे राहून ते टाके सांगत होते. त्यांना मानद डॉक्टरेट १९७६ मध्ये मिळाली. १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या तीस वर्षांच्या काळ्या बाईच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पेशी तिला न विचारता घेतल्या गेल्या. ती त्याच वर्षी गेली. पेशी वाढतच राहिल्या आणि पोलिओच्या लशीच्या चाचणीपासून पुढच्या असंख्य संशोधनांना कामी आल्या. पेशी विकून आपण नफा कमावला नाही, असे हॉपकिन्स सांगते, आणि तेव्हा संमती घेण्याचा प्रघात नव्हता हेही खरे. पण कायद्याने देणे लागत नसले म्हणून ऋण नाहीसे होत नाही. या विद्यापीठाच्या कीर्तीत तिच्या देहाचा वाटा आहे आणि तो कुठल्याही दात्याच्या वाट्यापेक्षा कमी नाही.

सरकारी पैशाची गोष्ट त्यामानाने सरळ आहे. १९४२ मध्ये युद्धासाठी उपयोजित भौतिकीची प्रयोगशाळा निघाली आणि लक्ष्याजवळ आपोआप फुटणाऱ्या तोफगोळ्याची कळ तिथे सिद्ध झाली. युद्ध संपले, प्रयोगशाळा राहिली. २०१५ मध्ये प्लूटोजवळून गेलेले यान आणि २०२२ मध्ये लघुग्रहावर आदळवलेले यान तिथलेच. १९७९ पासून संशोधनावर सर्वाधिक खर्च करणारे अमेरिकी विद्यापीठ हेच आहे. आता तो आकडा वर्षाला तीन अब्ज डॉलरच्या पुढे गेला असून त्यातला फार मोठा हिस्सा केंद्र सरकारच्या तिजोरीतून येतो. यावर असे म्हणता येईल, की सरकारने काम सांगितले, विद्यापीठाने करून दिले, व्यवहार संपला. गोदीत जहाज बांधून घेतले म्हणून गोदी जनतेची होत नाही. पण गोदी करमुक्त नसते, तिला प्रशिक्षित माणसे सरकारी शिष्यवृत्तीतून मिळत नाहीत, आणि दर वर्षी प्रयोगशाळेची वीज आणि छप्पर यांचाही खर्च अनुदानात धरून मिळत नाही. जिथे जनता इतक्या वाटांनी पैसा ओतते, तिथे तिला गिऱ्हाईक म्हणून बाजूला उभे करता येणार नाही.

तिसरा आक्षेप आजचा आहे, आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. समाजाला हिशेब द्या म्हणजे सरकारच्या ताब्यात जा, असाच त्याचा अर्थ होईल. मार्च २०२५ मध्ये परदेशी मदतीचे सरकारी खाते मोडीत निघाल्यावर हॉपकिन्सला आठशे दशलक्ष डॉलरच्या अनुदानावर पाणी सोडावे लागले आणि अमेरिकेत आणि इतर चव्वेचाळीस देशांत मिळून दोन हजारांहून अधिक लोकांच्या नोकऱ्या गेल्या. ही जबाबदारी नव्हे. हिशेब समाजाला द्यायचा असतो, त्या वेळी सत्तेवर असलेल्यांच्या मर्जीला नव्हे. जेन स्टॅनफर्ड यांचा हात जितका नको तितकाच हाही नको. हिशेबाचे प्रश्न वेगळे आहेत: प्रवेश कोणाला मिळतो, संमती कशी घेतली जाते, शेजारच्या वस्तीचे काय होते. यातल्या पहिल्या प्रश्नाला हॉपकिन्सने बरे उत्तर दिले आहे. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकते माप देण्याची रीत त्याने बंद केली, आणि प्रथम वर्षातले अशा मुलांचे प्रमाण २००९ मधल्या साडेबारा टक्क्यांवरून २०१९ पर्यंत साडेतीन टक्क्यांवर आले. इथलेच १९६४ चे पदवीधर मायकेल ब्लूमबर्ग यांनी २०१८ मध्ये गरजू विद्यार्थ्यांसाठी १.८ अब्ज डॉलर दिले आणि २०२४ मध्ये वैद्यकीय शिक्षण बहुतेकांसाठी विनाशुल्क व्हावे म्हणून आणखी एक अब्ज. मोठेपणा निर्विवाद आहे. तरी एकाच माणसाच्या औदार्यावर इतका भार पडणे म्हणजे पुन्हा एकाच रेल्वेच्या शेअरवर बसण्यासारखे आहे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर अजून कच्चे आहे. रुग्णालयाच्या उत्तरेकडच्या सुमारे अठ्ठ्याऐंशी एकरांच्या पुनर्विकासात सातशेहून अधिक कुटुंबांना घरे सोडावी लागली, आणि त्यांतली बहुतेक काळी होती.

संमतीच्या प्रश्नाचा धागा पुण्यापर्यंत येतो. १९९० च्या दशकापासून बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय आणि हॉपकिन्स यांचे ससून रुग्णालयात एचआयव्हीवर एकत्र संशोधन चालू आहे. एचआयव्हीबाधित मातेच्या दुधातून बाळाला होणारा संसर्ग टाळण्यासाठी नेव्हिरापिन हे औषध सहा आठवडे द्यावे का, याची चाचणी इथिओपिया, युगांडा आणि भारतात झाली. भारतातल्या माता पुण्यात नोंदल्या गेल्या आणि निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्सला कोणी काही विचारले नव्हते. ससूनमधल्या मातांना विचारले गेले, त्यांनी होकार दिला, आणि त्यानंतरच त्यांच्या बाळांना औषध मिळाले.